२०० चा प्लॅन, हातात २१: मागच्या पडवीतल्या इंटरनेटच्या नोंदी

९ मे २०२५, शुक्रवार

माझं काम व्हिडिओ एडिटिंगचं. पुण्याची खोली सोडून माहेरी, संगमेश्वर तालुक्यात, येऊन तीन आठवडे झाले. घर कौलारू, भिंती चिऱ्याच्या, फूटभर जाड आणि वर गिलावा. ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि त्यामागे पडवी बंद करून काढलेली माझी खोली. फायबरची तार ओटीवर येते, त्यामुळे कंपनीचा पांढरा डबाही ओटीवरच आहे. सगळे त्याला मोडेम म्हणतात, लाइनमन ओएनटी म्हणतो. प्लॅन २०० एमबीपीएसचा, ७९९ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे महिन्याला ९४३.

आज ३८ जीबीचं फुटेज उतरवायला लावलं. ब्राउझर २.६ दाखवत होता. मी तावातावाने कंपनीला फोन करून सांगितलं, "दोनशेचे पैसे भरतेय, अडीच येतंय." पलीकडच्या मुलीने शांतपणे विचारलं, "मॅडम, ते मेगाबाइटमध्ये आहे का?" होतं. प्लॅनचे एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट. एका बाइटचे आठ बिट, म्हणजे २.६ चे झाले साधारण २१. पुरा वेग मिळाला तर ब्राउझरने २५ च्या आसपास दाखवायला हवं. तक्रार खोटी नव्हती, पण आकडा चुकीचा सांगितल्यामुळे फोन तिथेच थंड झाला. तुम्ही फोन कराल तेव्हा स्पीड टेस्टचा आकडा सांगा, ब्राउझरचा नको.

फुटेज उतरायला चार तास लागले.

१० मे, शनिवार

या सगळ्या कामातली सगळ्यात महाग चूक आज केली. काहीही न मोजता देवरुखला गेले आणि वायफाय रिपीटर घेऊन आले. १,६५० रुपये. दुकानदार म्हणाला, "लावलं की झालं." लावला, माझ्या टेबलाशेजारच्या प्लगमध्ये. लॅपटॉपवर वायफायच्या सगळ्या काड्या भरल्या आणि वेग आला १४. आधीपेक्षा कमी.

कारण सरळ आहे, फक्त मला रात्री सुचलं. काड्या रिपीटर आणि लॅपटॉपमधल्या दोन फुटांच्या. ओटीवरून रिपीटरपर्यंत जे पोचतं ते तेवढंच मरतुकडं, आणि रिपीटर तेच घेऊन पुन्हा फेकतो. त्याला माजघरात आणून लावलं तर ३८ मिळाले. रिपीटरची जागा अर्ध्या वाटेवर असते, माणूस बसतो तिथे नाही. पण ३८ साठी १,६५० खर्च करायला मी गेले नव्हते.

एका मित्राने डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, बदलायला सांगितलं. ८.८.८.८ टाकून पाहिलं. पानं जरा चटकन उघडतायत असं वाटलं, डाउनलोड जिथल्या तिथे.

११ मे, रविवार

शेवटी मोजलं. रिपीटर काढून ठेवला, आईबाबांचे फोन विमान मोडवर टाकले, टीव्हीची पेटी बंद केली, आणि एकाच लॅपटॉपवर एकच स्पीड टेस्ट प्रत्येक जागी तीनदा घेतली. मधला आकडा धरला. ओटीवर डब्यासमोर १८८. माजघरात ६१. स्वयंपाकघराच्या दारात ३४. माझ्या टेबलावर २१.

म्हणजे कंपनी देतेय, घर खातंय. ही दहा मिनिटांची मोजणी काल केली असती तर देवरुखची फेरी वाचली असती.

डब्याच्या सेटिंगमध्ये शिरले. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं, नाव आणि पासवर्ड डब्याच्या खाली चिकटवलेला असतो. दोन्ही वायफायना, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला, एकच नाव दिलेलं होतं. ती वेगळी केली. मग दिसलं की माझ्या खोलीत ५ वालं नाव यादीतही येत नाही. दोन चिऱ्याच्या भिंतींनंतर ते संपतं. लॅपटॉप बिचारा लांब पोचणाऱ्या पण हळू अशा २.४ वर लोंबकळत होता.

वायफायचा चॅनल, म्हणजे हवेतली पट्टी, बदला, १, ६ किंवा ११ ठेवा, असं सगळीकडे सांगतात. शहरात, एका मजल्यावर वीस वायफाय असताना, त्याचा उपयोग होतो. आमच्या वाडीत माझ्या फोनला आमच्याखेरीज दोनच वायफाय दिसतात, तीही काठावरची. तरी बदलून पाहिलं. २१ चे २२ झाले. भिंतीला चॅनल कळत नाही.

१३ मे, मंगळवार

ठरलं, लॅन केबल टाकायची. ओटीवरून भिंतीवर, माळ्यावरून मागे. दोरी लावून मोजलं तर २६ मीटर, म्हणून ३० मीटर कॅट ६ घेतली, २४ रुपये मीटरने ७२०. त्याहून बरीच स्वस्त केबलही दाखवली होती. तिच्या तारा कापून बघितल्या तर आत चंदेरी: ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ती नको म्हटलं. शिवाय टोकाला कनेक्टर दाबून बसवायची क्रिम्पिंगची पकड ४८०, दहा कनेक्टरचं पाकीट १००, उंदरांपासून केबल वाचवायला पीव्हीसी पाइप आणि क्लिपा ३४०.

बाबा शिडी धरून उभे होते. चाळीस वर्षं घरातल्या वायरिंगच्या कटकटी निस्तरल्यामुळे त्यांनी एकच अट घातली, "बाय, लायटीच्या वायरीच्या पाइपात घालू नकोस ही." बरोबर होतं. दोन्हींमध्ये वीतभर अंतर ठेवलं, आणि जिथे ओलांडायला लागली तिथे काटकोनात ओलांडली.

माळ्यावरची वर्षानुवर्षांची जळमटं, एक फुटकं पातेलं आणि माझी चौथीची पाटी खाली आली. वेळ: साडेचार तास.

१४ मे, बुधवार

टोकं लावली. आत चार जोड्या असतात: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, प्रत्येकीला तिची पांढरी पट्ट्याची जोडीदार. मी आपल्या सुताने एकेक जोडी शेजारी शेजारी लावत गेले. दोन्ही टोकांना तोच क्रम, मग काय बिघडणार? कनेक्शन लागलं, तुटलं, लागलं. स्पीड टेस्ट कधी ५५, कधी ३०, कधी अर्ध्यावर बंद.

२६० रुपयांचा केबल टेस्टर आणला. १ ते ८ सगळे दिवे ओळीने पेटले. टेस्टरच्या मते केबल ठणठणीत! संध्याकाळभर डोकं फोडून उमगलं ते असं की टेस्टर फक्त तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचते का ते बघतो. कोणती तार कोणत्या तारेशी पिळलेली आहे हे त्याला दिसत नाही. कनेक्टरच्या ३ आणि ६ नंबरच्या तारा एकाच पिळातल्या असाव्या लागतात. माझ्या क्रमात ३ हिरव्या जोडीतली आणि ६ निळ्या जोडीतली आली होती. पीळ फुटला की तारांची एकमेकींत खुसरफुसर सुरू होते.

खरा क्रम, कनेक्टरची खिट्टी खाली आणि टोक आपल्यापासून दूर धरून, डावीकडून: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळीला मधे घेऊन बसते. हा क्रम आता स्वयंपाकघरातल्या फळीवर पेन्सिलने लिहिलेला आहे, आईच्या नाराजीसह.

१५ मे, गुरुवार

दोन्ही टोकं कापून नव्याने लावली. कनेक्शन स्थिर. स्पीड टेस्ट: ९४.१. पुन्हा ९४.०. पुन्हा ९४.२. २१ वरून ९४! संध्याकाळी आईला शिरा करायला सांगितला.

शिरा खाताना खटकलं. इंटरनेटचा वेग असा पट्टीने आखल्यासारखा येत नाही, थोडा वरखाली होतोच. तिन्ही वेळा ९४ येतंय म्हणजे कुठेतरी झाकण बसलंय. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे केबलच्या दोन टोकांनी आपसात ठरवलेला वेग, पाहिला: १००. केबलने १००० ला हातमिळवणी करायला हवी होती, तिने १०० वर केली, आणि १०० च्या लिंकवर हातात ९४ च पडतात. तुमच्याकडे १०० च्या वरचा प्लॅन असेल आणि टेस्ट ९४-९५ ला चिकटून बसत असेल, तर कंपनीशी भांडू नका. लिंक स्पीड बघा.

१६ मे, शुक्रवार

संशयित तीन: डबा, केबल, लॅपटॉप. माझ्या डब्यावर एकच लॅन भोक १००० चं आहे, बाकीची १०० ची, आणि मी केबल नेमकी दुसऱ्यात खोचली होती. खुशीत पहिल्यात घातली. तरीही १००. मग लॅपटॉप ओटीवर नेला आणि डब्याबरोबर आलेल्या हातभर केबलने जोडला. १०००, आणि टेस्ट १९१. म्हणजे डबा आणि लॅपटॉप दोघेही सुटले, केबल अडकली.

टेस्टरवर ७ चा दिवा पेटत नव्हता. काल क्रम बरोबर लागल्याच्या आनंदात मी टेस्टर लावलाच नव्हता. भिंगातून पाहिलं तर ओटीकडच्या टोकात पांढरी-तपकिरी तार कनेक्टरच्या शेवटपर्यंत पोचलीच नव्हती, केसभर मागे राहिली होती. १०० च्या लिंकला १, २, ३ आणि ६ याच तारा पुरतात, १००० ला आठही लागतात. म्हणून बाकीच्यांपैकी एक तार मेली तरी इंटरनेट चालूच राहतं, फक्त अर्ध्यावर येतं, आणि कुणाला कळतही नाही.

ते टोक पुन्हा लावलं. एकूण सात कनेक्टर वाया. मागच्या खोलीत १८७. तेवढंच ३८ जीबीचं फुटेज आता २७ मिनिटांत यायला हवं. घड्याळ लावून पाहिलं, २९ लागली. चालेल.

एक गोष्ट लिहिताना हसू येतंय. कौलारू घरात भिंतीच्या वर, वाशांखाली, हात जाईल एवढी फट असते. भिंतीला भोक पाडावं लागलंच नाही. म्हणजे दोन्ही टोकं लावलेली तयार ३० मीटरची केबल नऊएकशे रुपयांना मिळते, ती सरळ ओढून घेता आली असती. पकड, टेस्टर, कनेक्टर आणि तीन दिवस वाचले असते.

१८ मे, रविवार

रिपीटर दुकानदाराने परत घेतला नाही, पाकीट फोडलंत म्हणाला. घरी येऊन त्याची पुस्तिका पहिल्यांदाच वाचली. त्याला खाली एक लॅन भोक आहे आणि "ॲक्सेस पॉइंट" नावाचा मोड आहे. म्हणजे त्याला हवेतून उष्टं खायला न लावता केबलमधून ताजं देता येतं. पाच भोकांचा गिगाबिट स्विच आणला, १,२५०. केबल स्विचमध्ये, स्विचमधून एक तार लॅपटॉपला, एक रिपीटरला. मागच्या अंगणात, विहिरीपाशी, फोनवर ८० येतात. रिपीटरचं भोक १०० चंच आहे, त्यामुळे जास्त येणार नाहीत, आणि विहिरीवर जास्त हवेतही कशाला.

मला वाटलं, नोंदी संपल्या.

२१ मे, बुधवार

संपल्या नाहीत. मे महिना असून कालपासून आषाढासारखा कोसळतोय. लाइट दुपारी गेली, सातला आली. त्यानंतर वेग ३५ ते ४०, मधेच ५. व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा गोठतोय.

आधी माझ्याच केबलवर संशय घेतला, कारण तिचा पूर्वेतिहास तसाच. पण आता पद्धत माहीत होती. लॅपटॉप ओटीवर, हातभर केबल, थेट डब्याला. ३६. म्हणजे घर निर्दोष, बिघाड बाहेर.

डब्यावर लाल दिवा नव्हता. मी तोवर समजत होते की लाल दिवा नाही म्हणजे फायबर ठीक. डब्याच्या सेटिंगमध्ये ऑप्टिकल माहितीचं पान असतं, त्यात आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद लिहिलेली असते: उणे २७.६ डीबीएम. उणे असल्यामुळे आकडा जितका मोठा तितका उजेड कमी. अशा डब्यांची सहनशक्ती साधारण उणे २७ च्या आसपास संपते. उणे १५ ते उणे २५ मध्ये असलं की निवांत. आमचा डबा काठावर उभा होता: प्रकाश पूर्ण मेला नव्हता म्हणून लाल दिवा नाही, पण वाचताना चुका होत होत्या, आणि प्रत्येक चूक म्हणजे तेच सामान पुन्हा मागवणं.

माझी चूक ही की सगळं छान चालू असताना हा आकडा लिहून ठेवला नव्हता. "आधी किती होता?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते निघालं एप्रिलमध्ये कनेक्शन देताना लाइनमनने पावतीच्या मागे खरडलेलं: २०.५.

तक्रार नोंदवली. पलीकडून, "मॅडम, मोडेम एकदा बंद करून चालू करा." केला. उणे २७.६.

२२ मे, गुरुवार

पुन्हा फोन. या वेळी "स्लो चालतंय" असं न म्हणता सांगितलं, "ऑप्टिकल पॉवर उणे २७.६ आहे, बसवताना उणे २०.५ होती, केबलने थेट जोडून वेग ३६." क्षणभर शांतता, मग "लाइनमन पाठवतो." अडीच मिनिटांत फोन संपला.

२४ मे, शनिवार

लाइनमन रेनकोटात आला. वाडीतल्या सगळ्यांच्या तारा त्याला पाठ. खांबापासून घरापर्यंत तार बघत आला आणि फणसाखाली थांबला. बुधवारच्या वाऱ्यात एक फांदी तारेवर बसली होती, तार ताणली गेली होती, आणि पागोळीच्या हुकाला बाइंडिंग वायरने आवळून बांधली होती तिथे तिचा कोपर झाला होता. फायबरला पाणी फारसं बाधत नाही, पण असा घट्ट वाक आला की प्रकाश वाकाशीच बाहेर सांडतो.

"ताई, माकडांनी केलं असंल असं वाटलं होतं मला," तो म्हणाला. आमच्याकडे निम्म्या तक्रारी वानरांच्या नावावर जातात. या वेळी ती निर्दोष सुटली.

फांदी काढली, वायरचा फास सोडून मोठं वेटोळं केलं. पॉवर मीटरवर उणे २३.९. "चालंल एवढं," म्हणाला. मी पावतीची मागची बाजू दाखवली. हसला, आणि डब्यात जाणारं हिरवं टोक कापून नवं फास्ट कनेक्टर लावलं. त्याचे १५० रुपये. उणे २०.८. डीबीएम दर ३ ने वाढला की प्रकाश साधारण दुप्पट होतो, त्यामुळे उणे २७.६ पासून इथवर म्हणजे प्रकाश जवळजवळ पावणेपाच पट झाला. वेग १९०.

मी उघड्या टोकात लाल उजेड दिसतो का म्हणून डोकावत होते, तर तो ओरडलाच. फायबरमधला कामाचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, दिसतो तो तपासणीच्या पेनचा. दिसत नाही म्हणून डोळा लावायचा नसतो.

२९ मे, गुरुवार

आता संध्याकाळचं दुखणं. मंगळवारी रात्री नऊला थेट केबलवर ६२. ऑप्टिकल पॉवर जागच्या जागी, लिंक १०००. काल रात्री त्याच वेळी १७८. आज पावणेनऊला ७०. घरात काही बदललं नव्हतं. बाबा ओटीवर मोबाइलवर क्रिकेट बघत होते आणि मला एकदम उजाडलं: मंगळवारी आयपीएलचा सामना होता, काल नव्हता, आज पंजाब-बंगळुरूचा क्वालिफायर. पंजाब १०१ मध्ये गुंडाळली, बंगळुरूने दहा षटकांत उरकलं, आणि सव्वादहाला मी मोजलं तर १७०.

एका फायबरची खांबावरच्या स्प्लिटरमध्ये अनेक घरांत वाटणी होते आणि पुढे ऑपरेटरची लाइन सगळ्या वाडीची एकच. त्या दोन्हींपैकी नेमकं कुठे कोंडतंय हे मला ओटीवर बसून सिद्ध करता येणार नाही. तीन संध्याकाळी म्हणजे पुरावाही नव्हे. मोठी डाउनलोडं रात्री अकरानंतर लावते, एवढाच उपाय केला.

३१ मे, शनिवार

दुपार, सामना नाही, स्पीड टेस्ट १८८, आणि क्लायंटचं फुटेज ४५ ने. स्पीड टेस्ट आपोआप जवळचा सर्व्हर निवडते, कधी कधी तो कंपनीच्याच जाळ्यातला असतो. क्लायंटचा सर्व्हर परदेशात, आणि ब्राउझर एकाच धाग्याने ओढतो. एकाच फाइलचे आठ तुकडे करून ओढणारा डाउनलोडर टाकला: १४०. इथे दुरुस्त करण्यासारखं घरात काहीच नव्हतं.

७ जून, शनिवार

खर्च: रिपीटर १,६५०, केबल ७२०, पकड ४८०, कनेक्टर १००, टेस्टर २६०, पाइप-क्लिपा ३४०, स्विच १,२५०, फास्ट कनेक्टर १५०. एकूण ४,९५०. गेलेले दिवस मोजले नाहीत.

विजा चमकायला लागल्या की स्विचची आणि डब्याची पिन काढायची आणि लॅन केबलही दोन्ही टोकांना उपसून ठेवायची, हे काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय. ऑप्टिकल पॉवरचा आकडा दर शनिवारी कालनिर्णयवर लिहिते. आज सकाळी बघितलं तर आजच्या चौकोनात आईच्या अक्षरात "दूध दीड लिटर" आणि त्याखाली, मी उठायच्या आत, बाबांच्या अक्षरात "उणे २०.९".